सोलरसाठी इन्व्हर्टर निवडताय? किलोवॅटच्या आधी व्होल्टेज बघा

घरावर सोलर बसवायचं ठरलं की सगळी चर्चा पॅनलवरच होते, किती वॅटचं घ्यायचं, छतावर किती बसतील, आणि इन्व्हर्टरचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत उरकला जातो. "पाच किलोवॅटचे पॅनल ना, मग पाचचा इन्व्हर्टर टाकू." मला हे फार खटकतं. पॅनल पंचवीस वर्षं उन्हात निमूट पडून राहतं, त्यात बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, सिस्टीम अडकते ती बहुतेक वेळा इन्व्हर्टरपाशी, किंवा इन्व्हर्टर आणि पॅनल एकमेकांना जुळत नाहीत म्हणून. आणि हे जुळतंय की नाही ते विकत घ्यायच्या आधी कागदावर अर्ध्या तासात कळतं, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही, गुणाकार आणि टक्केवारी आली की झालं. तो अर्धा तास कसा घालवायचा तेच इथे सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी: लाईट गेल्यावर काय व्हायला हवं?

ह्या एका प्रश्नाच्या उत्तरावर इन्व्हर्टरचा प्रकार ठरतो, बाकीचं सगळं नंतर.

ऑन-ग्रिड इन्व्हर्टर पॅनलची डीसी वीज घेऊन तिची एसी करतो, घरात वापरतो आणि उरलेली बाहेरच्या लाईनमध्ये ढकलतो. स्वस्त, साधा, कार्यक्षमता ९७-९८ टक्क्यांपर्यंत, बॅटरीची कटकट नाही. पण बाहेरची लाईट गेली की हा पण बंद होतो, भर दुपारी कडक ऊन असलं तरी. बऱ्याच लोकांना हे बसवल्यानंतर कळतं आणि मग फार वाईट वाटतं. तो बिघाड नाही, मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण बाहेर खांबावर कोणी वायरमन लाईन बंद आहे असं समजून काम करत असेल आणि तुमच्या छतावरून त्या लाईनमध्ये वीज जात राहिली तर त्याचा जीव जाईल. ह्याला अँटी-आयलंडिंग म्हणतात आणि ज्या इन्व्हर्टरमध्ये ते नाही तो लाईनला जोडायचाच नाही.

ऑफ-ग्रिड म्हणजे पॅनल, बॅटरी आणि घर, बाहेर वीज पाठवायचा संबंधच नाही. जिथे लाईन पोचलेली नाही किंवा पोचून उपयोग नाही तिथे हा.

हायब्रिड दोन्ही करतो, लाईन असताना बाहेर पाठवतो, लाईन गेली की बॅटरीवर घर चालवतो. पण इथे एक मोठा खड्डा आहे, नीट लक्ष द्या. बाजारात हायब्रिड ह्या नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक खरा हायब्रिड जो लाईनमध्ये वीज परत पाठवू शकतो, आणि दुसरा मुळात ऑफ-ग्रिडच, फक्त त्याला लाईनवरून बॅटरी चार्ज करायची सोय असते म्हणून हायब्रिड म्हणतात. दुसऱ्यात तुमची जास्तीची वीज कुठेच जात नाही, बॅटरी भरली आणि घरात वापर नसला की पॅनल नुसतं तापत बसतं. त्यामुळे नावावर जाऊ नका, "हा लाईनमध्ये वीज परत पाठवतो का आणि त्याचं सर्टिफिकेट आहे का" एवढंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

तुमच्याकडे लाईट क्वचित जात असेल तर मी तरी ऑन-ग्रिडच घ्या म्हणेन. वर्षातून चार-पाच तासांसाठी बॅटरीचा खर्च आणि तिची काळजी कशाला.

बॅकअप हवाय ना, मग लोडचा कागद करा

ऑन-ग्रिडवाल्यांनी हा भाग सोडला तरी चालेल.

लाईट गेल्यावर सगळं घर चालवायचं नसतं, काय काय चाललंच पाहिजे ते लिहून काढा. उदाहरण घेऊ: फ्रिज १५० वॅट, तीन पंखे प्रत्येकी ७०, सहा एलईडी दिवे प्रत्येकी १०, राउटर १५, टीव्ही १००. एकूण झाले ५३५ वॅट. हे बघून कोणीही म्हणेल एक किलोवॅट पुरे. पण फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट करंट ओढतो आणि पाण्याच्या पंपाचंही तसंच, एक एचपीची मोटर चालताना हजार-अकराशे वॅट घेते पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. म्हणून डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या तांत्रिक माहितीच्या कागदावर, सतत चालणारी पॉवर आणि सर्ज पॉवर (सुरू होतानाचा क्षणभराचा झटका पेलणारी) असे दोन आकडे असतात, आणि सर्जच्या पुढे किती सेकंद तेही लिहिलेलं असतं. ५ सेकंद दुप्पट लोड घेणारा आणि १०० मिलीसेकंद दुप्पट लोड घेणारा, दोघेही जाहिरातीत दुप्पटच म्हणणार, पण पंप सुरू होईल तो पहिल्यावर.

अजून दोन गोष्टी इथेच बघून घ्या. एक म्हणजे केव्हीए आणि किलोवॅट एक नाहीत, ५ केव्हीएवर पॉवर फॅक्टर ०.८ लिहिला असेल तर प्रत्यक्ष हातात ४ किलोवॅट येतात. दुसरी म्हणजे आउटपुट प्युअर साइन वेव्हच हवी, म्हणजे लाईनच्या विजेसारखी गुळगुळीत लहर, मॉडिफाइड म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांच्या लहरीवर मोटरी गरम होतात, पंखे घूं घूं करतात.

मग बॅटरीचं गणित. वरच्याच यादीत रात्रीचे दहा तास धरा: फ्रिज चालू-बंद होत सरासरी ६० वॅट म्हणजे ०.६ युनिट, पंखे २.१, दिवे चार तास ०.२४, राउटर ०.१५, टीव्ही तीन तास ०.३. बेरीज ३.४ युनिटच्या आसपास. डीसीचं एसी करताना दहा टक्के जातात असं धरलं तर ३.८. आणि आता ती गोष्ट जी कोणी सांगत नाही, इन्व्हर्टर स्वतः पण वीज खातो! काही हायब्रिड नुसते चालू राहायला ५० वॅट घेतात, दहा तासांत अर्धं युनिट तिथेच गेलं, आणि दिवसरात्र मिळून रोजचे १.२ युनिट. म्हणजे एकूण ४.३. ५१.२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी ५.१२ युनिटची असते, त्यातले ९० टक्के वापरायचे म्हणजे ४.६, जेमतेम बसलं. लेड-ॲसिड असती तर निम्मीच वापरायची असते, म्हणजे जवळपास दुप्पट मोठी घ्यावी लागली असती. डेटाशीटमध्ये नो-लोड किंवा स्टँडबाय कंझम्प्शनची ओळ शोधा, ती लिहिलेलीच नसेल तर मी तो इन्व्हर्टर बाजूला ठेवतो.

आता छतावर जा

दिवसभरात तीन वेळा जा, सकाळी, दुपारी, उतरत्या उन्हात, आणि सावली कुठून कुठे सरकते ते बघा. टाकी, झाड, शेजारची भिंत, जिन्याची खोली.

साध्या स्ट्रिंग इन्व्हर्टरमध्ये पॅनल एकामागे एक माळेसारखे जोडतात, त्यामुळे सगळ्यांतून एकच करंट वाहतो आणि एकावर सावली आली की त्याचा त्रास पूर्ण माळेला होतो. पॅनलमध्ये बायपास डायोड असतात, साधारण तीन, ते सावलीतला तुकडा वळसा घालून टाळतात, म्हणजे एका पॅनलमुळे सगळं शून्य होतं असं जे सांगतात ते खरं नाही, पण नुकसान सावलीच्या मानाने जास्त होतं हे खरं. इन्व्हर्टरमधला एमपीपीटी, म्हणजे पॅनलकडून त्या क्षणी जास्तीत जास्त पॉवर कुठल्या व्होल्टेजला मिळते ते सतत शोधणारा भाग, प्रत्येक माळेसाठी वेगळा असला तर बरंच भागतं. छताला दोन दिशा असतील, काही पॅनल पूर्वेला काही पश्चिमेला, तर किमान दोन एमपीपीटी पाहिजेतच. दोन दिशांचे पॅनल एकाच माळेत ओवणं ही मी सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक आहे.

सावली फारच तुकड्या-तुकड्यात येत असेल तर मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे प्रत्येक पॅनलखाली (किंवा दोन-चार पॅनलला मिळून एक) छोटा इन्व्हर्टर. प्रत्येक पॅनल स्वतंत्र, छतावर शेकडो व्होल्टची डीसी नाही म्हणून आगीचा धोका कमी, नंतर एखादं पॅनल वाढवायचं तर सोपं. पण महाग, आणि एखादा बिघडला तर पॅनल उचकटून खाली हात घालावा लागतो, तेही छतावर. ऑप्टिमायझर हा मधला मार्ग, प्रत्येक पॅनलला छोटा डबा आणि खाली एकच इन्व्हर्टर. छत मोकळं असेल, सावली नसेल तर ह्या दोन्हीवर पैसे घालू नका, साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर तेवढंच काम करेल.

व्होल्टेजचं गणित, हे चुकलं तर सगळं चुकलं

ह्या भागासाठीच खरं तर मी लिहायला बसलो.

पॅनलच्या मागच्या लेबलवर दोन व्होल्टेज असतात. एक ओपन सर्किट, म्हणजे काही जोडलेलं नसताना, त्याला व्हीओसी म्हणतात. दुसरं काम करतानाचं, व्हीएमपी. समजा ५४० वॅटचं पॅनल आहे, व्हीओसी ४९.५ आणि व्हीएमपी ४१.६ व्होल्ट. आणि इन्व्हर्टर असा आहे की जास्तीत जास्त डीसी व्होल्टेज ६००, एमपीपीटीची रेंज ८० ते ५५०. घरगुती सिंगल फेज इन्व्हर्टरमध्ये असे आकडे नेहमी दिसतात.

आता १२ पॅनल एका माळेत. १२ गुणिले ४९.५ म्हणजे ५९४. सहाशेच्या आत आहे, झालं की! आणि इथेच फसतं सगळं. लेबलवरचे आकडे पॅनलचं तापमान २५ अंश धरून लिहिलेले असतात. पॅनल थंड झालं की व्होल्टेज वाढतं, तापलं की उतरतं, आणि किती ते पण लेबलवर किंवा डेटाशीटमध्ये असतं, साधारण प्रत्येक अंशाला ०.२५ ते ०.३ टक्के. आपल्या पॅनलला ०.२७ धरू. थंडीत पहाटे ५ अंश असेल तर २५ मधून ५ गेले २०, २० गुणिले ०.२७ म्हणजे ५.४ टक्के वाढ. ५९४ चे झाले ६२६. मर्यादा ओलांडली.

पहाटच का तर पॅनल रात्रभर थंड झालेलं असतं, पहिलं ऊन पडतं, आणि इन्व्हर्टरने अजून लोड घ्यायला सुरुवात केलेली नसते म्हणजे पूर्ण ओपन सर्किट व्होल्टेज त्याच्या तोंडावर. माझ्या पहिल्या सिस्टीममध्ये नेमकं हेच झालं होतं, उन्हाळाभर सुरळीत चाललं आणि थंडी पडल्यावर रोज सकाळी पीव्ही ओव्हरव्होल्टेजचा (पॅनलकडून व्होल्टेज जास्त येतंय असा) एरर, पॅनल थोडं तापलं की आपोआप सुरू. बसवणाऱ्याचं म्हणणं आपोआप सुरू होतंय ना मग काळजी करू नका. मला त्या उत्तराने झोप लागली नाही, आणि मग बसून हे सगळं शिकलो, कारण ही मर्यादा ओलांडली की आतले पार्ट कायमचे जाऊ शकतात आणि इन्व्हर्टर हे एरर स्वतःच्या मेमरीत लिहून ठेवतो, वॉरंटी मागायला गेलात की पहिलं तेच बघतात. शेवटी बाराच्या दोन माळा केल्या, सहा-सहाच्या, दोन एमपीपीटीवर. पुढच्या थंडीत एकदाही एरर आला नाही.

तर पायऱ्या अशा. तुमच्या गावी आजवर नोंदलं गेलेलं सगळ्यात कमी तापमान घ्या, सरासरी नाही. त्यावरून एका पॅनलचं वाढलेलं व्हीओसी काढा, आपल्या उदाहरणात ५२.२. इन्व्हर्टरची मर्यादा त्याने भागा, ६०० भागिले ५२.२ म्हणजे ११.५, म्हणून एका माळेत जास्तीत जास्त ११. मी अजून एक कमी करून १० धरतो.

मग उलट्या बाजूने, उन्हाळ्याचं. पॅनलचं तापमान हवेपेक्षा २५-३० अंश जास्त असतं, म्हणून ६५ अंश सहज होतं. व्हीएमपी साधारण ०.३५ टक्के प्रति अंशाने उतरतं, ४० अंशांचे १४ टक्के. दहाच्या माळेचे ४१६ व्होल्ट उतरून ३५८, मस्त, रेंजच्या मधोमध. सहाच्या माळेचे २५० चे २१५, तेही ठीक. पण कोणी म्हणालं की एका कोपऱ्यात दोनच पॅनल बसतात त्यांची वेगळी माळ करू, तर ८३ चे होतात ७१, म्हणजे ८० च्या खाली, दुपारी ऐन उन्हात ती माळ झोपणार. डेटाशीटमध्ये स्टार्ट-अप व्होल्टेज, म्हणजे इन्व्हर्टर सुरू व्हायला लागणारं, वेगळं दिलेलं असतं, तेही बघा, ते रेंजच्या खालच्या टोकापेक्षा जास्त असू शकतं.

करंट

हे पटकन. हल्लीची मोठी पॅनल जास्त करंट देतात, ५४० वॅटचं १३ अँपिअर, त्याहून मोठ्या सेलची १७-१८ पर्यंत. जुन्या डिझाईनचे इन्व्हर्टर एका एमपीपीटीला ११ किंवा १२.५ च घेतात. कामाचा करंट थोडा जास्त झाला तर इन्व्हर्टर फक्त तेवढा घेणार नाही, वीज थोडी वाया जाईल. पण शॉर्ट सर्किट करंटची (पॅनलची दोन टोकं थेट जोडली तर वाहणारा करंट) मर्यादा वेगळी लिहिलेली असते, ती मात्र ओलांडायची नाही. दोन्ही बाजूंनी वीज करणारी बायफेशियल पॅनल असतील तर लेबलपेक्षा जास्त करंट येतो, थोडी जागा सोडा.

मग किती किलोवॅटचा?

आता ह्या प्रश्नाला अर्थ आहे. पॅनलची बेरीज इन्व्हर्टरपेक्षा दहा ते तीस टक्के जास्त असली तरी चालते, उलट तेच शहाणपणाचं. बारा पॅनलचे ६.४८ किलोवॅट आणि ५ चा इन्व्हर्टर, गुणोत्तर १.३. ऐकायला विचित्र वाटतं पण ६.४८ हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. पॅनल ६० अंशाला तापलं की साधारण १२ टक्के गेले, धूळ आणि वायर मिळून अजून पाचेक, उरले ५.४. तेही बरोबर डोक्यावर ऊन असताना थोडा वेळ, तेवढ्यात इन्व्हर्टर वरचं कापून टाकतो. त्याच्या बदल्यात सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवशी जास्त वीज मिळते. फक्त डेटाशीटवर जास्तीत जास्त पॅनल पॉवर किती ते लिहिलेलं असतं, त्याच्या आत राहा.

घरात थ्री फेज असेल तर साधारण पाच-सहा किलोवॅटच्या वर थ्री फेज इन्व्हर्टरच बघा, एकाच फेजवर सगळी वीज ढकलली तर तिथलं व्होल्टेज चढतं आणि २३० ची लाईन २५३ च्या वर गेली की बरेच इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतात. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची वायर बारीक असली तरी हेच होतं. रोज दुपारी बारा-एकला बंद पडतो अशी तक्रार आली की मी आधी वायरची जाडी विचारतो.

बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांशी बोलतात का

लिथियम बॅटरीत बीएमएस, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, असतो, तो कॅन किंवा आरएस-४८५ ह्या प्रकारच्या केबलने इन्व्हर्टरला सांगतो की आता एवढंच चार्ज कर, आता थांब. ही बोली दोघांची जुळली पाहिजे. इन्व्हर्टर कंपनीच्या सुसंगत बॅटरींच्या यादीत तुमचं मॉडेल नावासकट आहे का ते बघा, "चालतं हो सगळ्यांना" हे उत्तर नाही. आणि शक्यतो ४८ व्होल्टच्या खाली जाऊ नका, ५ किलोवॅटला ४८ वर १०४ अँपिअर लागतात, १२ वर तेच ४१७, तेवढी जाड केबल आणि तेवढी गरमी घरात नको.

ऑफ-ग्रिडमध्ये स्वस्त मॉडेलांत पीडब्ल्यूएम चार्जर असतो. तो पॅनलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खेचून आणतो, २४ व्होल्टच्या बॅटरीवर ४१ व्होल्टचं पॅनल २७ वर चाललं की तिसरा हिस्सा वीज गेलीच. एमपीपीटीच घ्या.

जागा आणि सुरक्षा

इन्व्हर्टरला ऊन लागू देऊ नका. आयपी६५ म्हणजे पाणी-धूळ आत जात नाही, ऊन चालतं असा अर्थ नाही. बरेच इन्व्हर्टर ४५ अंशाच्या वर स्वतःची पॉवर कमी करतात, आणि आतले कपॅसिटर उष्णतेने लवकर म्हातारे होतात, ढोबळ नियम असा की दहा अंश वाढले की आयुष्य निम्मं. सावलीची भिंत, चारही बाजूंना मोकळी हवा, झोपायच्या खोलीपासून लांब कारण पंखा वाजतो.

डीसीच्या बाजूला डीसीचाच आयसोलेटर, म्हणजे वीज तोडायचा स्विच, हवा. एसीचा एमसीबी तिथे लावला तर तो आर्क (उघडताना उडणारी ठिणगी) तोडू शकत नाही, कारण एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, डीसी येतच नाही, ठिणगी पेटलेलीच राहते. सर्ज प्रोटेक्शन दोन्ही बाजूंना, अर्थिंग नीट, आणि पॅनलच्या वायरी जोडणाऱ्या एमसी४ कनेक्टरच्या दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या. हे दिसायला बारीकसं आहे पण वेगवेगळ्या कंपनीचे कनेक्टर जोडले की सांधा सैल राहून तापतो आणि तिथून आग लागते.

पैसे देण्याआधी आणि बसवल्यावर

वॉरंटी बहुतेक स्ट्रिंग इन्व्हर्टरना ५ ते १० वर्षं, मायक्रोला काहींना २५ पर्यंत. वर्षांपेक्षा हे विचारा की बिघडला तर बदली मिळेपर्यंत किती दिवस, काढायचा-बसवायचा खर्च कोणाचा. पॅनलच्या आयुष्यात स्ट्रिंग इन्व्हर्टर एकदा तरी बदलावा लागेल असं धरूनच हिशेब मांडा.

बसवायच्या दिवशी समोर उभे राहा. माळ इन्व्हर्टरला जोडण्याआधी बसवणाऱ्याला मीटर लावून व्होल्टेज दाखवायला सांगा, स्वतः हात लावू नका, ही डीसी जीवघेणी असते. सहाच्या माळेला दुपारी तापलेल्या पॅनलवर २७०-२७५ यायला हवं. २२७ च्या आसपास आलं तर एक पॅनल माळेत नाहीच, आकड्यापुढे वजाचं चिन्ह दिसलं तर टोकं उलटी आहेत, आणि दोन सारख्या माळांमध्ये दहा व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर कुठल्या तरी पॅनलमध्ये किंवा जोडणीत गडबड आहे. ती सापडेपर्यंत स्विच चालू करू देऊ नका.